स्टालिनसाठी त्याने लाखोंचे जीव घेतले, काम संपल्यावर स्टालिनने त्याला फोटोतूनही पुसून टाकलं

एक जुना ब्लॅक अँड व्हाईट फोटो सोशल मीडियावर अधूनमधून फिरत असतो. मॉस्को-व्होल्गा कालव्याचा काठ आहे आणि काठावरून सोव्हिएत रशियाचे बडे नेते चालले आहेत. त्यात हुकूमशहा जोसेफ स्टालिन आहे आणि त्याच्या शेजारी, अगदी पाण्याच्या कडेला, एक बुटका माणूस आहे.

त्याच फोटोची दुसरी आवृत्तीही सोबत असते. स्टालिन तिथेच, बाकीचेही तिथेच. फक्त तो बुटका माणूस गायब आणि त्याच्या जागी कालव्याचं पाणी.

फोटोशॉप यायला तेव्हा अजून पन्नास वर्षं होती. हे काम हाताने, ब्रश आणि रंगाने केलेलं होतं.

त्या माणसाचं नाव निकोलाय येझोव्ह. हा काही स्टालिनचा विरोधक नव्हता. उलट स्टालिनचा शब्द खाली न पडू देणारा, त्याच्या सांगण्यावरून लाखो लोकांना संपवणारा त्याच्या गुप्त पोलिसांचा प्रमुख होता. मग अशा माणसाला स्टालिनने का संपवलं?

त्यासाठी येझोव्ह वर कसा आला इथपासून सुरुवात करावी लागते.

शिंप्याकडे उमेदवारी करणारा पोरगा

येझोव्हचा जन्म १८९५ चा. घरची गरिबी आणि प्राथमिक शिक्षणही अर्धवट. लहान वयातच त्याला शिंप्याच्या हाताखाली काम शिकायला पाठवलं. पुढे तो सेंट पीटर्सबर्गच्या प्रसिद्ध पुतिलोव्ह कारखान्यात कामगार झाला. पहिलं महायुद्ध पेटलं होतं, त्यामुळे १९१५ मध्ये त्याला सैन्यात भरती व्हावं लागलं.

१९१७ मध्ये रशियात राज्यक्रांती झाली. त्याच वर्षी येझोव्ह बोल्शेविक पक्षात आला, म्हणजे लेनिनच्या पक्षात. पण हा भाषणं ठोकणारा किंवा पुस्तकं लिहिणारा नेता नव्हता. उंची जेमतेम पाच फूट, चारचौघांत उठून दिसावं असं काही नाही. त्याचा खरा गुण वेगळा होता. दिलेलं काम तो शेवटपर्यंत नेत असे.

प्रांतांमध्ये पक्षाचं काम करत करत १९२७ मध्ये तो मॉस्कोत पोहोचला. तिथे त्याला पक्षाच्या केंद्रीय कचेरीत कार्यकर्त्यांच्या नेमणुका बघणाऱ्या खात्यात जागा मिळाली. कोणाला कुठे बसवायचं, कोणाची फाईल काय सांगते, हे सगळं या खात्यातून चालायचं. स्टालिनची सत्ता याच यंत्रणेवर उभी होती. फायलींमध्ये रमणारा हा माणूस स्टालिनच्या नजरेत भरला.

एक खून आणि एक रिकामी खुर्ची

१ डिसेंबर १९३४. लेनिनग्राडमधला पक्षाचा बडा नेता सर्गेई किरोव्ह याला त्याच्याच कार्यालयात गोळी घालण्यात आली. मारेकरी लगेच सापडला. पण स्टालिनला त्यामागे मोठा कट दिसत होता, किंवा दाखवायचा होता.

तपासावर लक्ष ठेवायला स्टालिनने येझोव्हला पाठवलं. येझोव्हने हवं ते दिलं. स्टालिनच्या जुन्या प्रतिस्पर्ध्यांचा, म्हणजे झिनोव्हिएव्ह आणि कामेनेव्ह यांचा या खुनाशी संबंध जोडला गेला. हे दोघे एकेकाळी लेनिनचे जवळचे सहकारी. ऑगस्ट १९३६ मध्ये त्यांच्यावर जाहीर खटला चालला आणि दोघांनाही गोळ्या घालण्यात आल्या.

तेव्हा गुप्त पोलिसांचा प्रमुख होता गेनरिख यागोदा. त्याच्या खात्याचं नाव एनकेव्हीडी. म्हणायला हे गृहखातं, पण पोलीस, हेरगिरी, तुरुंग आणि कैद्यांच्या छावण्या असं सगळं त्याच्याकडे होतं. यागोदानेही स्टालिनसाठी भरपूर घाण उपसली होती. तरी तो पुरेसा कडक नाही असं स्टालिनचं मत झालं.

सप्टेंबर १९३६ मध्ये स्टालिन सोची इथे सुट्टीवर होता. तिथून त्याने मॉस्कोला तार पाठवली. यागोदा या कामात कमी पडला, खातं चार वर्षं मागे राहिलं, त्याच्या जागी येझोव्हला बसवा, असा तिचा आशय होता. लगेच येझोव्ह एनकेव्हीडीचा प्रमुख झाला.

आता यागोदाचं काय झालं हे नीट बघा, कारण पुढे हेच सगळं पुन्हा घडणार आहे.

त्याला लगेच अटक झाली नाही. आधी त्याला टपाल आणि दळणवळण खात्याचा मंत्री केलं. दिसायला मंत्रिपदच, पण हातातले पोलीस गेले. मग त्याची माणसं एकेक करून उचलली गेली. मार्च १९३७ मध्ये त्याला स्वतःला अटक झाली. त्याच्यावर हेरगिरीचा आणि कटाचा आरोप ठेवला गेला. त्याने येझोव्हच्या कचेरीत पारा शिंपडून विषप्रयोग केला, असाही एक आरोप होता. हा बनाव होता आणि तो येझोव्हच्याच खात्याने रचला होता. १५ मार्च १९३८ ला यागोदाला गोळी घालण्यात आली.

आपल्याआधीच्या प्रमुखाला कसं संपवायचं, हे येझोव्हने स्वतःच्या हातांनी करून बघितलं होतं.

माणसं मारण्याचा कोटा

१९३७ आणि १९३८ ही सोव्हिएत रशियाची सगळ्यात भयानक वर्षं मानली जातात. इतिहासात त्यांना 'ग्रेट टेरर' म्हणतात. रशियात लोक या काळाला 'येझोव्हश्चिना' म्हणू लागले, म्हणजे येझोव्हशाही.

३० जुलै १९३७ ला येझोव्हने एका आदेशावर सही केली. क्रमांक ००४४७. या आदेशात प्रत्येक प्रांताला आकडे ठरवून दिले होते. पहिल्या गटातल्यांना गोळी आणि दुसऱ्या गटातल्यांना ८ ते १० वर्षं छावणीत सक्तमजुरी. देशभरात मिळून पहिल्या गटात ७५,९५० माणसं आणि दुसऱ्या गटात १,९३,००० माणसं. नावं नंतर शोधायची होती, आकडा आधीच ठरला होता.

स्टालिनच्या पॉलिटब्युरोने, म्हणजे पक्षाच्या सर्वोच्च समितीने, दुसऱ्याच दिवशी त्याला मंजुरी दिली.

न्यायालयं नावालाही नव्हती. प्रत्येक प्रांतात तिघांची समिती, तिला 'त्रोइका' म्हणायचे. आरोपी समोर नसताना, वकील नसताना ही समिती यादीवरून शिक्षा ठोठावायची. वर प्रांतांमधले अधिकारी कोटा वाढवून मागू लागले. जास्त शत्रू पकडणारा जास्त निष्ठावान, असा सरळ हिशेब होता. आणि कमी पकडणारा स्वतःच संशयित.

मोहीम चार महिन्यांत संपवायची होती, ती नोव्हेंबर १९३८ पर्यंत चालली. या एकाच आदेशाखाली सुमारे ३ लाख ८७ हजार लोकांना गोळ्या घातल्या गेल्या. पोलिश, जर्मन, कोरियन अशा अल्पसंख्याक समाजांविरुद्धच्या मोहिमा वेगळ्या. एकट्या पोलिश मोहिमेत १ लाख ११ हजारांहून जास्त लोक मारले गेले. १५ ऑगस्ट १९३७ ला आणखी एक आदेश निघाला. त्यात शिक्षा झालेल्यांच्या बायकांना छावणीत आणि मुलांना अनाथालयात पाठवण्याची सोय होती.

सरकारी नोंदींनुसार या दोन वर्षांत ६,८१,६९२ लोकांना मृत्युदंड दिला गेला. म्हणजे दिवसाला सरासरी ९०० हून जास्त. अटक झालेल्यांची संख्या पंधरा लाखांच्या वर होती.

या यादीत भारतीयही होते

ही गोष्ट आपल्यापासून फार लांबची वाटते, पण तशी ती नाही.

वीरेंद्रनाथ चट्टोपाध्याय हे सरोजिनी नायडूंचे सख्खे भाऊ. 'बावर्ची' सिनेमात घरातल्या म्हाताऱ्या आजोबांचं काम करणारे हरिंद्रनाथ चट्टोपाध्याय हे त्यांचे धाकटे भाऊ. ब्रिटिशांविरुद्ध लढण्यासाठी वीरेंद्रनाथांनी आयुष्य युरोपात काढलं आणि शेवटी ते लेनिनग्राडला स्थायिक झाले. जुलै १९३७ मध्ये त्यांना अटक झाली आणि २ सप्टेंबर १९३७ ला गोळी घालण्यात आली.

१९२० मध्ये ताश्कंदला भारतीय कम्युनिस्ट पक्षाची स्थापना झाली, त्या संस्थापकांपैकी एक होते अबनी मुखर्जी. त्यांनाही १९३७ च्या ऑक्टोबरमध्ये मारण्यात आलं.

ज्या देशाला ते क्रांतीचं घर समजत होते, त्याच देशाने त्यांना शत्रू ठरवलं.

कौतुकाचा पूर

इकडे येझोव्ह मात्र शिखरावर होता. १९३७ मध्ये त्याला 'ऑर्डर ऑफ लेनिन' हा सर्वोच्च सन्मान मिळाला. तो पॉलिटब्युरोचा उमेदवार सदस्य झाला. कॉकेशसमधल्या चेर्केस्क शहराला त्याचं नाव जोडण्यात आलं. वर्तमानपत्रांत त्याच्यावर कविता छापून येऊ लागल्या.

रशियन भाषेत हेजहॉग या काटेरी प्राण्याला 'योझ' म्हणतात. येझोव्हचं आडनाव त्याच शब्दावरून आलेलं. कोणाला कडक शिस्तीत ठेवलं की त्याला हेजहॉगच्या काट्यांच्या हातमोज्यात धरलं, असा रशियन वाक्प्रचार आहे. त्यावरून एक गाजलेलं पोस्टर निघालं. येझोव्हच्या हातात काटेरी हातमोजा आणि त्यात आवळलेला देशद्रोह्यांचा साप.

या सगळ्याचा एक परिणाम झाला. दहशतीला चेहरा मिळाला आणि तो चेहरा स्टालिनचा नव्हता. नवरा रात्री उचलून नेला, की बाई स्टालिनलाच पत्र लिहायची. खालची माणसं अन्याय करतायत, साहेबांपर्यंत बातमी पोहोचत नसेल, असा तिचा समज असायचा.

मंत्रिपद मिळालं आणि धोक्याची घंटा वाजली

एप्रिल १९३८. यागोदाला मारून महिनाही झाला नव्हता. येझोव्हला आणखी एक खातं देण्यात आलं, जलवाहतूक. एनकेव्हीडी त्याच्याकडेच राहिलं, त्यामुळे बाहेरून ही बढती वाटत होती. पण यागोदाला टपाल खातं का मिळालं होतं, हे येझोव्हपेक्षा जास्त कोणाला माहीत असणार?

जूनमध्ये मोठा धक्का बसला. अतिपूर्वेकडच्या एनकेव्हीडीचा प्रमुख गेनरिख ल्युशकोव्ह सीमा ओलांडून जपान्यांना जाऊन मिळाला. हा येझोव्हचा खास माणूस. त्याला मॉस्कोला परत बोलावलं होतं. अशा बोलावण्याचा अर्थ काय असतो ते तो ओळखून होता.

ऑगस्टमध्ये स्टालिनने येझोव्हच्या हाताखाली नवा उपप्रमुख नेमला, लाव्रेन्ती बेरिया. जॉर्जियातला पक्षाचा प्रमुख, स्टालिनच्याच मुलखातला. नावाला तो येझोव्हचा सहायक होता. पण काही आठवड्यांत येझोव्हच्या माणसांना अटक होऊ लागली आणि त्या जागांवर बेरियाची माणसं बसू लागली. येझोव्हने यागोदाचं खातं असंच ताब्यात घेतलं होतं.

येझोव्ह दारूत बुडत गेला. कामावर येईनासा झाला. नोव्हेंबरमध्ये युक्रेनच्या एनकेव्हीडीचा प्रमुख उस्पेन्स्की आत्महत्येचा देखावा करून फरार झाला. त्याच महिन्यात येझोव्हची पत्नी येवगेनिया हिचा झोपेच्या गोळ्यांच्या अतिसेवनाने मृत्यू झाला. ती एका मासिकाची संपादक होती आणि तिच्या घरी मोठमोठ्या लेखकांची ऊठबस असे. त्यातलाच एक नामवंत लेखक आयझॅक बाबेल. पुढे त्यालाही अटक झाली आणि गोळी घालण्यात आली.

स्टालिनला आता तो का नको होता?

याचं उत्तर १७ नोव्हेंबर १९३८ च्या एका ठरावात सापडतं. त्यावर स्टालिन आणि मोलोटोव्ह यांच्या सह्या आहेत. या ठरावाने सामूहिक अटकांच्या मोहिमा आणि त्रोइका एका झटक्यात बंद केल्या.

पण बंद करताना कारण काय दिलं? तपासात गंभीर चुका झाल्या, नियम मोडले गेले आणि हे सगळं एनकेव्हीडीत घुसलेल्या शत्रूंनी केलं. धोरण बरोबर होतं, राबवणारे वाईट निघाले, असा एकूण सूर.

स्टालिनपुढची अडचण सरळ होती. पक्ष, लष्कर, कारखाने सगळीकडची अनुभवी माणसं संपत चालली होती. मार्शल तुखाचेव्हस्कीसारखे सेनानी मारले गेले होते आणि युरोपात युद्धाचे ढग जमत होते. आता थांबणं गरजेचं होतं. पण थांबायचं म्हणजे काहीतरी चुकलं हे मान्य करायचं. आणि चुकलं तर कोणाचं, हा प्रश्न येणारच होता.

त्या प्रश्नाचं उत्तर म्हणून येझोव्ह तयार होता. दोन वर्षं सगळ्या आदेशांवर त्याचं नाव होतं, पोस्टरवर त्याचा हात होता. बळीचा बकरा नव्याने शोधायची गरजच नव्हती. शिवाय कोणत्या यादीवर कोणी सही केली, हे त्याला इतरांपेक्षा जास्त माहीत होतं. असा साक्षीदार जिवंत ठेवण्यात स्टालिनचा काहीच फायदा नव्हता.

२३ नोव्हेंबरला येझोव्हला स्टालिनच्या कार्यालयात बोलावणं आलं. काही तासांच्या बैठकीनंतर त्याने राजीनामा दिला. त्यात त्याने आपल्या चुका कबूल केल्या. पण निरपराध लोक मारले गेले ही त्यातली चूक नव्हती. आपल्याच खात्यात शिरलेले हेर आपल्याला ओळखता आले नाहीत, ही चूक होती. दोन दिवसांनी बेरिया त्याच्या खुर्चीत बसला.

कपाटामागे दारू, खणात गोळ्या

येझोव्ह आणखी काही महिने जलवाहतूक मंत्री राहिला. एप्रिल १९३९ मध्ये त्या खात्याचे दोन तुकडे करण्यात आले आणि त्यातलं एकही त्याला मिळालं नाही. १० एप्रिलला त्याला अटक झाली.

झडतीत पुस्तकांच्या मागे दारूच्या बाटल्या सापडल्या. टेबलाच्या खणात कागदात गुंडाळलेल्या पिस्तुलाच्या गोळ्या मिळाल्या. त्या कागदांवर नावं होती, झिनोव्हिएव्ह आणि कामेनेव्ह. त्यांना मारताना वापरलेल्या या गोळ्या आधी यागोदाने जपून ठेवल्या होत्या. यागोदा गेल्यावर त्या येझोव्हकडे आल्या.

येझोव्हला मॉस्कोजवळच्या सुखानोव्का तुरुंगात ठेवलं. त्याच्यावरचे आरोप ऐकून त्यालाही ओळखीचे वाटले असतील. परदेशांसाठी हेरगिरी, सत्ता उलथवण्याचा कट, स्टालिनला मारण्याची तयारी. त्याने हजारो लोकांवर लावलेली हीच कलमं होती. आणि त्या हजारोंसारखंच त्यानेही सगळं कबूल केलं.

फेब्रुवारी १९४० च्या सुरुवातीला बंद दाराआड खटला चालला. न्यायाधीश होता वासिली उलरिख. यागोदाला मृत्युदंड देणाराही हाच. कोर्टात येझोव्हने कबुलीजबाब फिरवला. आपल्याला मारहाण करून ते वदवून घेतलं, असं त्याने सांगितलं. आपण खात्यातल्या १४ हजार जणांना बाहेर काढलं, पण तेही कमीच पडले, ही आपली खरी चूक, असंही तो म्हणाला. म्हातारी आई आणि दत्तक मुलगी यांना त्रास देऊ नये, अशी विनंती त्याने केली. स्टालिनवर आपली निष्ठा मरेपर्यंत राहील, हेही सांगायला तो विसरला नाही.

४ फेब्रुवारी १९४० ला त्याला गोळी घालण्यात आली. वर्तमानपत्रांत एक ओळही आली नाही. कवितांमधून, पोस्टरवरून आणि त्या कालव्यावरच्या फोटोतून तो नाहीसा झाला. चेर्केस्क शहराच्या नावातूनही त्याचं नाव निघालं.

नाव येझोव्हचं, सही कोणाची?

नंतर स्टालिन खासगीत येझोव्हबद्दल काय बोलायचा, हे विमानांचे डिझायनर अलेक्झांडर याकोव्हलेव्ह यांनी आठवणींमध्ये लिहून ठेवलंय. येझोव्ह नालायक होता, त्याने निरपराध लोक मारले, म्हणून आपण त्याला गोळी घातली, असा त्याचा सूर होता. बेरियाने काही कैद्यांना सोडलं, तेव्हा लोकांनाही वाटलं की दुष्ट माणूस गेला आणि न्याय झाला.

खरं चित्र बाहेर यायला १९५६ उजाडावं लागलं. स्टालिनच्या मृत्यूनंतर निकिता ख्रुश्चेव्हने पक्षाच्या अधिवेशनात बंद दाराआड भाषण केलं. येझोव्हने स्टालिनच्या मंजुरीशिवाय पॉलिटब्युरोतल्या माणसांना अटक केली असेल, हे शक्यच नाही, असं त्याने सांगितलं. येझोव्हने नावांच्या ३८३ याद्या मंजुरीसाठी वर पाठवल्या होत्या. त्यांत सुमारे ४४ हजार नावं होती. बहुतेकांसमोर मृत्युदंड लिहिलेला होता. त्या याद्यांवर स्टालिन आणि त्याच्या जवळच्या सहकाऱ्यांच्या सह्या आहेत.

म्हणून येझोव्ह निर्दोष ठरतो का? अजिबात नाही. १९९८ मध्ये त्याच्या दत्तक मुलीने त्याचं नाव स्वच्छ करण्यासाठी रशियाच्या सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला होता. न्यायालयाच्या लष्करी विभागाने तो फेटाळला. ज्याने इतक्या लोकांना चिरडलं, त्याला त्यांच्याच रांगेत बळी म्हणून बसवता येणार नाही, असा त्याचा अर्थ.

ज्या हेरगिरीसाठी त्याला गोळी घातली, ती त्याने केलीच नव्हती. आणि जे त्याने खरोखर केलं होतं, त्यासाठी त्याच्यावर खटला कधी चाललाच नाही. कारण तो खटला चालला असता, तर आरोपीच्या पिंजऱ्यात दुसरी खुर्ची स्टालिनसाठी मांडावी लागली असती.

यागोदाला १९३८ मध्ये गोळी घातली आणि येझोव्हला १९४० मध्ये. स्टालिन गेल्यावर सत्तेच्या मारामारीत बेरियालाही १९५३ च्या डिसेंबरमध्ये हेर ठरवून मारण्यात आलं. गुप्त पोलिसांचे तिन्ही प्रमुख असे गेले. या तिघांना कामाला लावणारा स्टालिन मात्र ५ मार्च १९५३ ला आपल्याच बंगल्यात, आजारपणाने वारला.